बल्लीमारानचे हकीमसाहेब

रमजानचा चाँद दिसण्याच्या आठवडाभर आधीपासून मोहल्ल्यातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत, रोजे ठेवले तर चालेल का? हा प्रश्न विचारणारे तसे बरेच. त्याहून जास्त लोक तो विचारतच नाहीत. डॉक्टर नको म्हणतील या धास्तीने गप्प बसतात, मान डोलावून घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी सहरीला उठतात. घरोघरच्या दादी-नानी तर या बाबतीत कुणाचेच ऐकत नाहीत. वास्तविक कुरआनने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजाची सवलत दिली आहे. सुटलेले रोजे पुढे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते कधीच झेपणार नाही त्याने गरिबाला जेवू घालावे, इतकी ही सोय स्पष्ट आहे. पण आपण या सवलतीत बसतो की नाही, हे ठरवायला वैद्य आणि रुग्ण यांच्यात मोकळे बोलणे व्हावे लागते. तिथेच सारे अडते. वैद्याला घाई असते आणि रुग्णाला भीती.

असे बोलणे ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या होत आले, त्या दिल्लीच्या एका घराण्यात 11 फेब्रुवारी 1868 रोजी हकीम अजमल खान यांचा जन्म झाला. हिजरी सन 1284, शव्वालची 17 तारीख. रमजान ईद होऊन पंधरवडा उलटला होता. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपती झाले, खिलाफत चळवळीतले मोठे नाव झाले. इतिहासाच्या पुस्तकांत ते याच कारणांनी सापडतात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र आजारी माणसासमोर बसून त्याचे ऐकण्यात गेला, आणि त्यांनी जे जे उभे केले त्याची मुळे तिथेच आहेत.

चांदनी चौकातून आत वळले की बल्लीमारानचा मोहल्ला लागतो. गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिब राहत असत, आणि त्याच परिसरात ‘शरीफ मंजिल’ ही हकिमांची हवेली होती. अजमल खान यांचे पूर्वज हकीम शरीफ खान मोगल दरबाराचे वैद्य होते, त्यांच्यावरून हे घराणे शरीफी म्हणून ओळखले जाऊ लागले. वडील हकीम गुलाम महमूद खान हेही नामांकित. 1857 साली इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा शहरातले मुस्लिम मोहल्ले रिकामे झाले, घरे लुटली गेली, माणसे फासावर गेली. बल्लीमारानच्या या गल्लीला मात्र धक्का लागला नाही. पटियालाच्या शीख महाराजांच्या पदरी या घराण्यातले हकीम होते, आणि महाराज होते इंग्रजांच्या बाजूने. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी आपले शिपाई उभे केले. गालिब वाचले तेही या पहाऱ्यामुळे, आणि हे त्यांनी त्या काळाच्या आपल्या रोजनिशीवजा फारसी पुस्तकात, ‘दस्तंबू’मध्ये, नोंदवून ठेवले आहे. मुसलमान हकीम, त्याचे शीख आश्रयदाते आणि त्यांच्या पहाऱ्यात जीव मुठीत धरून बसलेली सगळी गल्ली. ही हकिगत अजमल खान लहानपणापासून घरात ऐकत आले असणार.

त्यांचे शिक्षण जुन्या वळणाचे झाले. कुरआन पाठ करून ते हाफिज झाले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, हदीस हे सारे शिकले आणि तिब, म्हणजे वैद्यक, घरातच वडील आणि थोरले भाऊ यांच्याकडून. इंग्रजी शाळेत ते गेले नाहीत. उर्दू आणि फारसीत ते शेरही लिहीत, ‘शैदा’ हे त्यांचे तखल्लुस. पुढे 1926 मध्ये त्यांचा दिवान बर्लिनच्या कावियानी छापखान्यात छापला गेला, तो झाकिर हुसेन या तेव्हा तिथे शिकत असलेल्या तरुणाच्या खटपटीने. हेच झाकिर हुसेन नंतर देशाचे राष्ट्रपती झाले.

1892 मध्ये अजमल खान रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले आणि दहा वर्षे तिथे राहिले. मधल्या काळात वडील गेले, 1901 मध्ये थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान, आणि 1904 मध्ये दुसरे भाऊ हकीम वासिल खान. घराण्याचा मतब आणि थोरल्या भावाने 1880च्या दशकात सुरू केलेला मदरसा तिब्बिया, दोन्ही त्यांच्या खांद्यावर आले.

मतब म्हणजे हकिमाची रुग्ण तपासण्याची बैठक. आजच्या दवाखान्याहून तिचे रूप वेगळे. हकीम तक्क्यापाशी बसलेले, समोर रुग्ण, बाजूला शागीर्द कागद-कलम घेऊन. हकीम मनगटावर बोटे ठेवून नब्ज पाहत, प्रश्न विचारत आणि मग नुस्खा सांगत. शागीर्द तो उतरवून घेत. कागदाच्या माथ्यावर ‘हुवश्शाफी’ लिहिलेले असे, म्हणजे शफा देणारा तोच, अल्लाह. शागिर्दांचे शिक्षण असे ऐकता ऐकताच होई. औषधाचे नाव तर ते शिकतच, त्याबरोबर रुग्णाला कसे बोलते करायचे हेही त्यांच्या कानावर रोज पडे.

नब्ज पाहून सारे काही ओळखणाऱ्या हकिमांच्या कथा दिल्लीत ढिगाने सांगितल्या जातात, आणि अजमल खान यांच्याबद्दल तर जास्तच. नुसता चेहरा पाहून रोग सांगत, इथपर्यंत मजल जाते. या कथांमुळे एक मोठी गोष्ट झाकली गेली आहे. युनानी वैद्यकाची रचनाच अशी आहे की विचारपूस केल्याशिवाय हकिमाचे पाऊल पुढे पडत नाही. आरोग्य टिकवणाऱ्या किंवा बिघडवणाऱ्या सहा अटळ गोष्टी या शास्त्रात मानल्या आहेत: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, आणि शरीरात काय साठते व काय बाहेर पडते ते. आता यातली कुठली गोष्ट नब्जमध्ये पूर्ण कळणार? माणूस कुठे राहतो, काय खातो, रात्री झोपतो का, घरात कुणी गेले आहे का, कसला घोर लागला आहे, हे सगळे त्याच्याच तोंडून यावे लागते. मिजाज, म्हणजे प्रकृती, प्रत्येकाची निराळी, म्हणून एकाच तापाला दोन माणसांना दोन नुस्खे. परहेज सांगायचा तर त्याच्या चुलीवर काय शिजते ते माहीत हवे. मजुराला बदाम आणि मुरब्बा लिहून दिला तर तो कागद खिशातच राहणार.

हकीमसाहेब बोलत कमी आणि हळू आवाजात, असे त्यांना पाहिलेल्यांनी नोंदवले आहे. समोरच्याचे म्हणणे पुरे होऊ देत. दिल्लीतल्या मतबमध्ये ते रुग्णाकडून फी घेत नसत. मात्र कुणा राजा-महाराजाने आपल्या गावी बोलावले तर दिवसाचे हजार रुपये घेत, अशी त्यांची ख्याती होती. तोच महाराजा स्वतः दिल्लीला येऊन मतबमध्ये बसला, तर त्यालाही मोफत. त्या काळचे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! पण या हिशेबात नुसती उदारता पाहणे कमी पडेल. दाराशी आलेला प्रत्येकजण तिथे सारखाच रुग्ण होता. ज्याला रांग नको असेल त्याने तिची किंमत मोजायची, आणि त्या पैशावर रांगेतल्यांचे औषध चालायचे.

औषधांचाही प्रश्न होताच. नुस्खा चांगला लिहिला तरी अत्ताराच्या दुकानात भेसळीचा माल मिळाला तर सारे फुकट. म्हणून त्यांनी युनानी आणि वैदिक औषधे तयार करणारी कंपनी काढली. पुढे ती ‘हिंदुस्तानी दवाखाना’ या नावाने नावारूपाला आली. तिचा नफा त्यांनी मदरसा तिब्बियाला लावून दिला. त्याच दिल्लीत 1906 मध्ये हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी ‘हमदर्द’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी रूह अफजा बाजारात आले. आज इफ्तारच्या दस्तरखानावरची ती लाल बाटली याच दिल्लीतून आली.

आता बायकांचे पाहू. पडद्यातल्या बाईला पुरुष हकिमाने तपासायचे म्हणजे पडद्याआडून आलेल्या मनगटावर बोटे ठेवायची आणि बाकी सारे घरातल्या कुणाकडून तरी ऐकायचे. मधे एक माणूस आला की अर्धे बोलणे गळून जाते, आणि बायकांच्या दुखण्यात तर गळलेलाच अर्धा भाग महत्त्वाचा असतो. इंग्रज सरकारच्या काळात 1885 मध्ये डफरिन फंड निघाला, त्यातून बायकांसाठी दवाखाने आणि स्त्री डॉक्टर आल्या. मोठेच काम होते ते. मात्र त्याच काळातल्या सरकारी कागदांत दाईबद्दलचा सूर फार कडवट आहे. बाळंतिणी मरतात त्या दाईच्या घाणेरड्या हातांमुळे आणि अडाणीपणामुळे, असा तो सूर. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण गावोगावी, गल्लोगल्ली बाळंतपणे करत होती ती दाईच. बाळंतीण तिच्याशीच मोकळेपणाने बोलत होती. मराठी मुलखात तिला सुईण म्हणतात, आणि तिचे दुखणेही हेच. काम सगळे तिने करायचे, आणि सुधारणेच्या गोष्टी निघाल्या की तिला उंबऱ्याबाहेर उभे करायचे.

अजमल खान यांनी 1909 मध्ये दिल्लीत स्त्रियांसाठी तिब्बिया मदरसा उघडला. दाईकाम तिथे पद्धतशीर शिकवले जाऊ लागले. दाईला हाकलण्याऐवजी तिला वर्गात बसवावे, स्वच्छता आणि शरीररचना शिकवावी, हातात दाखला द्यावा, असा हा विचार. पडदा त्यांनी मोडला नाही. ते त्यांच्या पिंडातच नव्हते. ते शरीफ घराण्यातले, जुन्या रिवाजातले गृहस्थ होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. पडदा पाळूनच बायकांना शिकवायचे, ही त्यांची सीमा होती आणि आज ती टोचते. तरीही या सीमेच्या आत त्यांनी जे केले ते त्या वेळी कितीजणांना सुचले? वैद्यकाच्या शाळेत बाईला शिष्य म्हणून जागा देणे ही शरीफी घराण्यातही नवीनच गोष्ट होती. घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायची की नाही, यावरच जिथे पिढ्या गेल्या होत्या, तिथे ती दाईला शिकवायला निघणे हे धाडसच.

दुसरी बैठक त्यांनी जमवली ती हकीम आणि वैद्यांची. 1910 मध्ये दोघांची मिळून अखिल भारतीय परिषद उभी राहिली. कारणही तसेच होते. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच सरकारी नोंद करायची, असा कायदा येऊ घातला होता आणि तो सर्वांत आधी आला आपल्या मुंबई इलाख्यात, 1912 मध्ये. हकीम आणि वैद्य या नोंदवहीच्या बाहेर राहिले. हाच कायदा इतर प्रांतांत येईल आणि आपली विद्या हळूहळू बेकायदा ठरेल, ही भीती खरी होती. अजमल खान यांनी हकीम आणि वैद्यांना एकत्र आणून त्याला विरोध केला.

एकत्र आणणे सोपे नव्हते. लखनौच्या झवाई टोल्यातले अझीझी घराणे युनानीतले तितकेच मातब्बर. वैद्यांशी हातमिळवणी करून आपली विद्या पातळ करणे तिथल्या हकिमांना मान्य नव्हते. वैद्यांमध्येही आयुर्वेदाची शुद्धता जपणारे होते. दोन्हीकडच्या पंडितांचे आक्षेप विद्वत्तेला धरून होते, त्यांना हट्टी म्हणून मोडीत काढणे बरोबर होणार नाही. अजमल खान यांचे म्हणणे मात्र रुग्णाच्या बाजूने सुरू होई. आपल्या लोकांना जी विद्या परवडते, कळते, त्यांच्या भाषेत बोलते, ती टिकवायची असेल तर तिने एकमेकांकडून आणि डॉक्टरांकडूनही शिकले पाहिजे. शरीररचना शिकली पाहिजे, शस्त्रक्रिया शिकली पाहिजे.

या शिकण्याच्या ओढीनेच ते 1911 मध्ये युरोपला गेले. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे भारतीय तरुण सर्जन काम करत होते. त्यांनी हकीमसाहेबांना ज्येष्ठ सर्जन स्टॅन्ली बॉइड यांच्याकडे नेले. इथली एक कथा प्रसिद्ध आहे आणि ती वेगवेगळ्या तपशिलांनी सांगितली जाते. एका रुग्णाच्या पोटदुखीचे कारण बॉइड यांनी पित्ताशयात सांगितले, तर हकीमसाहेबांनी तपासून ते आतड्याच्या वरच्या भागातल्या व्रणात सांगितले. दुसऱ्या दिवशी पोट उघडले तेव्हा हकीमसाहेब बरोबर निघाले. कथा सांगणारे या विजयावर खूश होऊन थांबतात. पण या प्रसंगातली खरी बघण्यासारखी माणसे तीन आहेत. इंग्रजी न शिकलेला पाहुणा, त्याला तपासू देणारा आणि नंतर आपली चूक मानणारा यजमान, आणि दोघांच्या मधे उभा राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारा अन्सारी. तिघांपैकी एकाने जरी आखडून घेतले असते तर कथाच घडली नसती. अन्सारी आणि अजमल खान यांची मैत्री तिथून जुळली ती आयुष्यभर टिकली. एक डॉक्टर, एक हकीम, आणि दोघांनाही एकमेकांच्या विद्येचा अपमान करण्याची गरज वाटली नाही.

परत आल्यावर त्यांनी मोठ्या महाविद्यालयाचा ध्यास घेतला. हिंदू आणि मुसलमान संस्थानिकांकडून, व्यापाऱ्यांकडून देणग्या गोळा झाल्या. दिल्लीच्या करोल बागेत 29 मार्च 1916 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला बसली. नावात आयुर्वेद आधी आणि युनानी नंतर, हे पाहण्यासारखे आहे, कारण संस्था मुसलमान हकिमाची आणि तिचे मूळ युनानी मदरशात. एकाच आवारात दोन्ही विद्यांचे वर्ग, दोन्हींचे रुग्ण, आणि दोघांनाही आधुनिक शरीरशास्त्राचा अभ्यास. युनानी शिकणाऱ्या मुलाला रोज आयुर्वेदाच्या मुलाशेजारून जावे लागणार होते. एकमेकांच्या काढ्यांना नावे ठेवायला तरी दोघांना बोलावे लागणार होते!

इमारत पूर्ण होईपर्यंत देश बदलला. रौलट कायदा आला, 30 मार्च 1919 रोजी दिल्लीत गोळीबार झाला, मग जालियनवाला बाग. त्याच वर्षाअखेर अमृतसरला मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून अजमल खान यांनी मुसलमानांना सांगितले की बकरी ईदला गाय कापणे टाळावे, शेजाऱ्याच्या भावनेचा मान राखावा. 1920 मध्ये त्यांनी सरकारने दिलेला ‘हाजिक-उल-मुल्क’ हा किताब आणि कैसर-इ-हिंद पदक परत केले. लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हणायला सुरुवात केली. उर्दूत मसीहा म्हणजे बरे करणारा, हजरत ईसांच्या शफा देणाऱ्या हातांची आठवण त्या शब्दात आहे.

13 फेब्रुवारी 1921 रोजी कॉलेजचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले, आणि असहकार ऐन भरात असताना त्याच समारंभात त्यांनी लॉर्ड आणि लेडी हार्डिंग यांच्या तसबिरींचे अनावरणही केले. ज्याने मदत केली त्याचा मान राखायचा, राजकारण त्याच्या जागी, असे हकीमसाहेबांचे वागणे होते आणि गांधीजींनाही ते पटले. त्या दिवशीच्या भाषणात गांधीजींनी वैद्य-हकिमांची नुसती स्तुती केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची संशोधनाची तळमळ त्यांनी वाखाणली आणि आपल्या वैद्यांत, हकिमांत ती दिसत नाही असे तिथेच सुनावले. यजमानाला ही टीका लागली असावी आणि पटलीही असावी. कॉलेजात संशोधनाचा विभाग उभा करण्याच्या मागे ते पुढे लागलेच.

जामियाची कथा वेगळी लिहावी अशी आहे, इथे थोडक्यात. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलिगढला तिची स्थापना झाली, हकीमसाहेब कुलपती झाले. खिलाफत संपली, चंदा आटला, संस्था बंद पडायची वेळ आली. 1925 मध्ये त्यांनी तिला दिल्लीला, करोल बागेत, आपल्या कॉलेजच्या शेजारी आणले आणि खर्च स्वतःच्या कमाईतून चालवला. शिक्षकांच्या पगारासाठी त्यांनी बोटातली हिऱ्याची अंगठी विकली, असे जामियात आजही सांगतात.

1921 च्या डिसेंबरात अहमदाबादला चित्तरंजन दास तुरुंगात असल्याने काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. दोन्ही समाजांत ज्यांच्या शब्दाला वजन होते अशा मोजक्या माणसांत ते होते, आणि हे वजन भाषणांनी आलेले नव्हते. दिल्लीतल्या कितीतरी हिंदू घरांत आजी, सून, नातू त्यांच्या औषधाने बरे झाले होते. ज्याच्या हातात आपण नाडी दिली, ज्याला घरातले न सांगण्यासारखे सांगितले, त्याच्यावर विश्वास असतोच.

मात्र मतबमध्ये जे साधले ते चौकात साधले नाही. 1924 च्या जुलैमध्ये दिल्लीत दंगल झाली. ज्या शहराने पाच वर्षांपूर्वी स्वामी श्रद्धानंदांना जामा मशिदीत बोलायला उभे केले होते, तिथे आता दोन समाज एकमेकांच्या गल्लीतून जायला कचरू लागले. सप्टेंबरात कोहाटला दंगल झाली तेव्हा गांधीजींनी दिल्लीत मौलाना मोहम्मद अली यांच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास धरला. देखरेखीला डॉ. अन्सारी होते. 8 ऑक्टोबरला उपवास सुटला तेव्हा हकीमसाहेबही तिथे होते. इमामसाहेबांनी सूरह फातिहा पठण केली, विनोबांनी उपनिषदातले मंत्र म्हटले, अँड्र्यूज यांनी ख्रिस्ती प्रार्थनागीत गायले, मग अन्सारींनी संत्र्याचा रस पुढे केला. त्या खोलीतली माणसे एकमेकांचे ऐकत होती. खोलीबाहेरचे शहर ऐकत नव्हते. 1926 च्या डिसेंबरात आजारी श्रद्धानंदांना त्यांच्याच घरात एका मुसलमान तरुणाने गोळ्या घातल्या. बिछान्यावरच्या रुग्णावर हात उचलला गेला होता, आणि त्या रुग्णाची शुश्रूषा डॉ. अन्सारी करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्याकडे काम करणाऱ्या ज्यू मुलाच्या आजारपणात त्याच्या उशाशी जाऊन बसले होते, ही हदीस हाफिज अजमल खान यांना ठाऊक असणार. इयादत, आजाऱ्याची विचारपूस, हा हक्क मानणाऱ्या धर्माच्या नावावर हे झाले होते.

हकीमसाहेबांची स्वतःची तब्येत तोवर ढासळली होती. हृदयाचा त्रास होता. तरी प्रवास, मतब, कॉलेज, जामिया यांतले काही सुटले नाही. 29 डिसेंबर 1927 रोजी रामपूरला त्यांचे निधन झाले. जिथून त्यांच्या हकिमीची कीर्ती सुरू झाली त्याच गावी. मय्यत दिल्लीला आणली गेली आणि तिथेच दफन झाले. वय साठीच्या आतच होते. जामियासमोर तेव्हा कर्जाचा डोंगर होता आणि आधार गेला होता. तरुण झाकिर हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी नाममात्र पगारावर काम करण्याची शपथ घेऊन ती जगवली.

जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले सलीमुझ्झमान सिद्दीकी यांच्याकडे त्यांनी तिब्बिया कॉलेजचे संशोधन सोपवले होते. वैद्य आणि हकीम दोघेही शतकानुशतके वापरत आले त्या सर्पगंधेच्या मुळावर सिद्दीकींनी काम केले आणि 1931 मध्ये तिच्यातून एक अल्कलॉइड वेगळे काढले. त्याला त्यांनी हकीमसाहेबांचे नाव दिले, अजमलीन. हृदयाचे ठोके अनियमित पडतात तेव्हाच्या उपचारात ते वापरले गेले, आणि हृदयातला एक छुपा जन्मजात दोष उघड करण्यासाठी काही देशांतल्या रुग्णालयांत आजही रुग्णाला ईसीजी लावून ते शिरेतून दिले जाते. ज्यांचे नाव त्याला आहे ते हृदयविकारानेच गेले होते.

करोल बागेतला अजमल खान रोड आता कपड्यांच्या बाजारासाठी ओळखला जातो. ईदच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कॉलेज जवळच आहे. त्याच्या रुग्णालयात आजही आयुर्वेदाचा आणि युनानीचा बाह्यरुग्ण विभाग एकाच आवारात भरतो.